फिल केलं, पुढे काय? डेटा ॲडॅप्टरशी पहिली ओळख

डॉट नेट शिकायला नव्यानं आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारते. स्क्रीनवरच्या ग्रिडमध्ये वाचनालयाच्या सभासदांची यादी दिसतेय. आता सर्व्हरची केबल उपटली, तर यादीचं काय होईल? बरेचजण म्हणतात, गायब होईल. काही म्हणतात, एरर येईल. प्रत्यक्षात काहीच होत नाही. यादी जागच्या जागी राहते, वर-खाली सरकते, नाव बदलू देते, ओळ खोडूसुद्धा देते.

कारण ती यादी डेटाबेसमधली नव्हेच. तुमच्या प्रोग्रामनं मेमरीत काढून आणलेली ती नक्कल आहे. सातबाऱ्याचा उतारा घरी आणला आणि त्यावरचं नाव पेननं खोडून दुसरं लिहिलं, म्हणून जमीन त्या नावावर चढत नाही. त्यासाठी फेरफार व्हावा लागतो. एडीओ डॉट नेटमध्ये, म्हणजे डॉट नेटच्या डेटाबेसशी बोलणाऱ्या भागात, डेटासेट (मेमरीतली नक्कल) म्हणजे उतारा आणि अपडेट (बदल डेटाबेसला कळवणं) म्हणजे फेरफार. नवशिक्यांचे बहुतेक घोळ या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानं होतात, म्हणून हा लेख त्याच अंगानं लिहिते आहे.

ही पद्धत २००२ साली डॉट नेट फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आली. त्याआधीच्या एडीओमध्येही रेकॉर्डसेट कनेक्शनपासून तोडता यायचा, पण ती एक जादाची सोय होती. इथे कनेक्शन तोडून काम करणं हाच पाया आहे.

एक सांगून ठेवते: ऑब्जेक्ट आणि प्रॉपर्टींची नावं मी आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत. व्हिज्युअल स्टुडिओत पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव समोर येतंच.

मांडणी

लागतात फक्त चार वस्तू. एसक्यूएल कनेक्शन, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा रस्ता. एसक्यूएल कमांड, म्हणजे विचारायचा प्रश्न. डेटा टेबल, म्हणजे उत्तर ठेवायची जागा. आणि मधला माणूस, एसक्यूएल डेटा ॲडॅप्टर. पहिल्या दोघांना डेटाबेस कळतो, डेटा टेबल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. डेटा टेबलला ओळी आणि कॉलम कळतात, पण त्या एसक्यूएल सर्व्हरमधून आल्या की ऑरॅकलमधून, की तुम्ही हातानं भरल्या, याचा त्याला पत्ता नसतो. दोन्हीकडची भाषा येते ती एकट्या ॲडॅप्टरला. एकापेक्षा जास्त डेटा टेबल आणि त्यांच्यातली नाती एकत्र ठेवायची असतील, तर त्या सगळ्यांना पोटात घेणारा तो डेटासेट. एकाच टेबलाचं काम असेल तर डेटासेट काढूच नका. उगाच एक थर वाढतो.

उदाहरणासाठी एक छोटं वाचनालय घेऊ. सभासद नावाचं टेबल. त्यात सभासद क्रमांक ही प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम, मग नाव, गाव, अनामत रक्कम आणि सभासदत्व सोडल्याची तारीख. ही तारीख बहुतेकांच्या बाबतीत रिकामीच असणार. दुसरं टेबल देवघेवीचं.

पायरी पहिली: कनेक्शन बनवा, उघडू नका

नव्या प्रोजेक्टमध्ये न्यूगेटवरून, म्हणजे डॉट नेटच्या पॅकेजांच्या भांडारातून, मायक्रोसॉफ्ट डेटा एसक्यूएल क्लायंट हे पॅकेज घ्या. जुन्या पुस्तकांत सिस्टिम डेटा एसक्यूएल क्लायंट दिसेल; नव्या कामाला ते नको. नव्या पॅकेजच्या आवृत्ती ४.० पासून कनेक्शन एन्क्रिप्ट करणं हे आपोआप चालू असतं. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरला जोडताना पहिल्याच रनला सर्टिफिकेटवर विश्वास नाही अशी एरर येते आणि मुलं पासवर्ड तपासत बसतात. पासवर्डचा काही दोष नसतो. लॅपटॉपपुरतं कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट ट्रू करा. खऱ्या सर्व्हरवर मात्र ही पळवाट वापरू नका, तिथे नीट सर्टिफिकेट बसवून घ्या.

आता कनेक्शन ऑब्जेक्ट बनवा आणि तसाच बंद ठेवा. ओपन करायची गरज नाही. फिल, म्हणजे डेटा टेबलात ओळी भरणारी ॲडॅप्टरची मेथड, आल्यावर स्वतः दार उघडतं, ओळी घेतं आणि जाताना दार लावून जातं. तुम्ही आधीच उघडून ठेवलं असेल तर मात्र ते उघडंच ठेवून जातं. जसं सापडलं तसं सोडायचं, हा त्याचा शिरस्ता. म्हणून स्वतः उघडलं तर बंद करणंही तुमच्याकडे. यूजिंग ब्लॉकमध्ये लिहिलं की ब्लॉक संपताना ते आपोआप बंद होतं आणि विसरायचा प्रश्नच उरत नाही. विसरलात तर? कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात, ठरवून दिलं नसेल तर जास्तीत जास्त १०० कनेक्शन असतात. ती अडकून पडली की पुढचा माणूस १५ सेकंद ताटकळतो आणि टाइमआउट खातो. असा बग तुमच्या मशीनवर कधीच दिसत नाही. सोमवारी सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा दिसतो.

पायरी दुसरी: प्रश्न नीट विचारा

सगळे कॉलम मागायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नका. जे ग्रिडमध्ये दाखवायचे आणि बदलायचे तेवढेच मागा, आणि प्रायमरी की न चुकता मागा.

गावानुसार सभासद हवेत तर गावाचं नाव क्वेरीच्या स्ट्रिंगला प्लसनं चिकटवू नका, पॅरामीटर द्या, म्हणजे क्वेरीत जागा सोडून किंमत वेगळी पाठवा. एसक्यूएल इंजेक्शनबद्दल, म्हणजे चिकटवलेल्या मजकुरातून घुसवलेल्या भलत्या क्वेरीबद्दल, सगळे ऐकून असतात, पण नवख्याला ते दूरचं वाटतं. म्हणून मी जवळचं उदाहरण देते: गोव्याचा किंवा वसईचा डिसोझा. रोमन लिपीत हे आडनाव लिहिताना अनेकजण डी नंतर ॲपॉस्ट्रॉफी देतात. त्या नावानं शोधलं की चिकटवलेली क्वेरी तिथेच तुटते. तुमचा प्रोग्राम कुणा हॅकरमुळे नाही, एका साध्या सभासदामुळे पडला.

पॅरामीटरचा प्रकारही स्वतः सांगा, आणि आपल्यासाठी तो एनव्हारचार, म्हणजे देवनागरीसकट कुठल्याही लिपीतला मजकूर घेणारा. मराठीत काम करणाऱ्यानं या ठिकाणी जरा थांबावं. नेहमीच्या लॅटिन कोलेशनमधल्या, म्हणजे रोमन अक्षरांसाठीच्या मांडणीतल्या, व्हारचार कॉलमात 'श्रीकृष्ण' लिहून पाठवलं तर सर्व्हर एरर देत नाही. त्या जागी नऊ प्रश्नचिन्हं साठवतो. नऊ का? आपल्याला श्री, कृ, ष्ण अशी तीनच अक्षरं दिसतात, पण साठवताना श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त आणि ण अशी नऊ चिन्हं मोजली जातात. गेलेलं नाव परत मिळत नाही. प्रश्नचिन्ह एकदा बसलं की बसलं.

हीच मोजणी पॅरामीटरच्या लांबीतही नडते. पॅरामीटरची लांबी ८ ठेवली आणि त्यात हेच नाव घातलं, तर एसक्यूएल क्लायंट हूं की चूं न करता शेवटचा ण कापतो आणि 'श्रीकृष्' पाठवतो. कॉलम लहान असता तर सर्व्हरनं निदान ओरड तरी केली असती. तेव्हा लांबी ठरवताना अक्षरं बोटांवर मोजू नका. कॉलमची जी लांबी तीच पॅरामीटरला द्या, आणि मुळात नावाचा कॉलम ऐसपैस ठेवा.

पायरी तिसरी: फिल

ॲडॅप्टर बनवा, त्याच्या सिलेक्ट कमांडला वरची कमांड द्या, रिकामं डेटा टेबल बनवा आणि ते फिलच्या हाती द्या. एवढंच. कॉलमची नावं आणि प्रकार ठरवायला लागत नाहीत. आलेल्या उत्तरावरून फिल ते स्वतः उभं करतं. परत मिळतो तो पूर्णांक म्हणजे किती ओळी भरल्या किंवा ताज्या केल्या. तो टाकून देऊ नका. सुरुवातीला कन्सोलवर छापा. शून्य आला तर चूक क्वेरीत आहे, ग्रिडमध्ये नाही, हे लगेच कळतं आणि तासभर वाचतो.

टेबलऐवजी डेटासेट दिला आणि नाव दिलं नाही, तर आतल्या टेबलाचं नाव नुसतं 'टेबल' असं पडतं. एका कमांडमध्ये दोन सिलेक्ट असतील तर दुसऱ्याचं 'टेबल१'. सभासद हे नाव सांगितलं असेल तर दुसरं 'सभासद१' होतं. डेटासेटमध्ये सभासद नावानं शोधलं आणि नल मिळालं, तर बहुधा नाव द्यायचंच राहिलेलं असतं.

पायरी चौथी: ओळ ओळखायची कशी

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका पतसंस्थेसाठी पिग्मीच्या रोजच्या जमेची स्क्रीन केली होती. खाली बेरीज, वर रिफ्रेशचं बटण. पहिल्याच दिवशी रोखपालांचा फोन आला: मॅडम, बेरीज दुप्पट दाखवतेय. मी म्हटलं, पुन्हा एकदा रिफ्रेश करून बघा. तिप्पट झाली.

माझा रिफ्रेश त्याच टेबलावर पुन्हा फिल मारत होता. फिल प्रायमरी की स्वतःहून आणत नाही. कॉलम आणतं, ओळी आणतं, पण कुठला कॉलम ओळखीचा हे टेबलाला सांगत नाही. मग आलेली ओळ आधीपासून आहे की नवी, हे टेबलाला कळणार कसं? त्यानं सगळ्या नव्या समजून खाली जोडल्या.

उपाय एका ओळीचा: फिलच्या आधी ॲडॅप्टरच्या मिसिंग स्कीमा ॲक्शनला ॲड विथ की द्या. मग प्रायमरी कीसुद्धा येते आणि दुसऱ्या फिलमध्ये त्याच क्रमांकाची ओळ सापडली की ती ताजी होते, दुसरी उभी राहत नाही. की माहीत असेल तर टेबलाची प्रायमरी की प्रॉपर्टी स्वतः भरली तरी चालतं. मी तेच करते, कारण स्कीमा विचारायला सर्व्हरवर जास्तीचं काम पडतं.

यानंतरही दोन खड्डे उरतात. मधल्या वेळात कुणी डेटाबेसमधून सभासद काढून टाकला असेल, तर पुन्हा फिल केल्यावरही तो तुमच्या टेबलात तसाच राहतो. फिल भर घालतं, ताजं करतं, पण छाटणी करत नाही. छाटणी हवी तर आधी क्लिअर करा. दुसरा खड्डा उलटा आहे: वापरणाऱ्यानं ग्रिडमध्ये दहा नावं दुरुस्त केली, सेव्ह केली नाहीत, आणि तुमचा टायमर दर मिनिटाला फिल करतो. की असल्यामुळे ओळी जुळतात आणि त्याच्या दुरुस्त्यांवर डेटाबेसमधली जुनी किंमत बसते. त्या टिकवायच्या असतील तर फिल लोड ऑप्शन प्रिझर्व्ह चेंजेसवर ठेवा.

पायरी पाचवी: रिकामी जागा

सोडल्याची तारीख वाचायला गेलात आणि प्रोग्राम कोसळला, तर घाबरू नका, प्रत्येकाचा कोसळतो. डेटाबेसमधला नल इथे डीबी नल या वेगळ्या वस्तूच्या रूपात येतो. सी शार्पच्या नलशी तुलना केली तर उत्तर नाही असंच येणार. ओळीला इज नल विचारा, किंवा फील्ड ही जेनेरिक मेथड प्रश्नचिन्हवाल्या, म्हणजे नलेबल, तारखेच्या प्रकारासह वापरा. दुसरा मार्ग वाचायलाही सोपा.

पायरी सहावी: ओळींची अवस्था

सगळ्या प्रकारात मला सर्वांत देखणा वाटणारा भाग हा. प्रत्येक ओळ स्वतःची अवस्था जवळ बाळगते, रो स्टेट. फिलनंतर ती अनचेंज्ड असते. डीबगर लावा, एका ओळीवर थांबा, गाव 'वाई'चं 'सातारा' करा आणि पुन्हा बघा: मॉडिफाइड. आणि 'वाई' गेलेलं नाही! ओरिजिनल आवृत्ती मागितली तर 'वाई' मिळतं, करंट मागितली तर 'सातारा'. नव्या जोडलेल्या ओळीची अवस्था ॲडेड. आणलेली ओळ डिलीट केली तर ती टेबलातच राहते, फक्त अवस्था डिलीटेड होते. तिचं नाव वाचायला गेलात तर एक्सेप्शन येतं. वाचायचंच असेल तर ओरिजिनल आवृत्ती मागावी लागते.

म्हणून डिलीट आणि रिमूव्ह एक नव्हेत. डिलीट म्हणजे 'हे नाव कमी करायचं आहे' अशी खूण. रिमूव्ह म्हणजे तो कागदच फाडून टाकला. डेटाबेसला सांगायला काही शिल्लकच नाही, आणि पुढच्या फिलला सभासद पुन्हा हजर.

आता सर्वांत फसवं नाव: ॲक्सेप्ट चेंजेस. नवख्याला वाटतं, हे सेव्ह. ते सेव्ह नाही. ते फक्त सगळ्या खुणा पुसतं आणि ओळींना अनचेंज्ड म्हणतं. अपडेटच्या आधी ते मारलं, की अपडेटला पाठवायला काही सापडत नाही, शून्य परत येतो, आणि एररही येत नाही. 'सेव्ह होत नाही, एररही नाही' अशी तक्रार आली की मी आधी हा शब्द कोडमध्ये शोधते.

पायरी सातवी: अपडेट

अपडेट प्रत्येक ओळीची अवस्था बघतं आणि त्याप्रमाणे इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट कमांड चालवतं. या तीन कमांड कुणीतरी द्यायला हव्यात. शिकताना एसक्यूएल कमांड बिल्डर घ्या. सिलेक्ट बघून तो तिन्ही स्वतः रचतो. अट एवढीच की सिलेक्ट एकाच टेबलाचं हवं आणि त्यात प्रायमरी की किंवा युनिक कॉलम हवा. जॉइन असेल तर कमांड हातानं लिहा. कामाच्या ठिकाणी हातानं लिहिलेल्याच बऱ्या.

बिल्डरनं रचलेली अपडेट कमांड एकदा छापून बघा. व्हेअरमध्ये नुसता सभासद क्रमांक नसतो. आणलेल्या सगळ्या कॉलमांच्या जुन्या किमतीही असतात. ओरिजिनल आवृत्ती जपली ती यासाठी. समजा, वाचनालयाच्या दोन काउंटरवर एकाच सभासदाची ओळ उघडी आहे. एकानं गाव बदलून सेव्ह केलं. दुसऱ्यानं अनामत बदलून सेव्ह दाबलं, पण त्याच्याकडे गाव अजून 'वाई'च. व्हेअर जुळत नाही, शून्य ओळी बदलतात, आणि ॲडॅप्टर डीबी कन्करन्सी एक्सेप्शन फेकतो. पुष्कळजण ते रिकाम्या कॅचमध्ये गिळून टाकतात. त्याऐवजी वापरणाऱ्याला सांगा की ही नोंद दरम्यान दुसऱ्यानं बदलली आहे, नवी किंमत दाखवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

अपडेट एकेक ओळ पाठवतं आणि स्वतःहून ट्रान्झॅक्शन सुरू करत नाही. सातवी ओळ अडखळली तर पहिल्या सहा डेटाबेसमध्ये पोचलेल्या असतात. सगळं किंवा काहीच नाही असं हवं तर ट्रान्झॅक्शन तुम्ही उघडा आणि कमांडना द्या. पण त्यात एक मेख आहे. सहा ओळी गेल्या, सातवीला एरर आली, तुम्ही रोलबॅक केलं. डेटाबेस पूर्ववत झाला. मेमरीतल्या त्या सहा ओळी मात्र गेल्या गेल्या अनचेंज्ड झाल्या होत्या, आणि रोलबॅकची बातमी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. सातवी दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केलं, तर एकटी सातवी जाते. सहा बदल कुणालाही न कळता गेले. म्हणून ट्रान्झॅक्शन वापरताना ॲक्सेप्ट चेंजेस ड्युरिंग अपडेट फॉल्स ठेवा आणि कमिट यशस्वी झाल्यावरच ॲक्सेप्ट चेंजेस मारा. त्या फसव्या शब्दाची खरी जागा ही.

देवघेवीचं टेबलही सोबत असेल तर क्रम सांभाळा: आधी देवघेवीतल्या खोडलेल्या ओळी, मग सभासदांमधले सगळे बदल, शेवटी देवघेवीतल्या नव्या आणि बदललेल्या. उलट केलंत तर दोन टेबलांतलं नातं राखणारी फॉरेन की अडवते, आणि अडवते ते बरंच करते.

किती ओळी आणाव्यात

फिलला 'इतक्या क्रमांकापासून इतक्या ओळी' असंही सांगता येतं, आणि पानं पाडायला ते सोयीचं वाटतं. पण ती निवड तुमच्या बाजूला होते. क्वेरी पूर्ण चालते आणि मधल्या ओळी वाचून टाकून दिल्या जातात. पाचशेव्या पानासाठी आधीची ४९९ पानं वाहून आणायची, असा तो हिशोब. पानं सर्व्हरवरच पाडा. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून ऑर्डर बायच्या मागे ऑफसेट आणि फेच लिहिता येतात.

नुसतं वाचून पुढे द्यायचं असेल, बदलायचं नसेल, तर डेटा टेबल नकोच. डेटा रीडर हलका पडतो. मोठ्या प्रोजेक्टात एंटिटी फ्रेमवर्क किंवा डॅपर भेटेल. पण ग्रिड, रिपोर्ट, एक्सेलमधून आलेली माहिती, आणि चालवताना कॉलम कुठले येणार हे आधी ठाऊक नसलेली क्वेरी, इथे डेटा टेबल अजूनही हाताशी लागतं.

घरी करून बघा: सभासदांची यादी फिल करा, मग एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस बंद करा. एक गाव बदला, एक ओळ डिलीट करा, एक नवी जोडा. तिन्हींची रो स्टेट छापा. अपडेट मारा, एरर येऊ द्या, आणि तिन्हींची रो स्टेट पुन्हा छापा. ती बदललेली नसेल. मग सर्व्हिस चालू करून तेच अपडेट पुन्हा मारा. परत येणारा आकडा ३ असायला हवा. तिसऱ्यांदा रो स्टेट छापायला गेलात तर त्या तिघींपैकी टेबलात दोनच ओळी सापडतील: बदललेली आणि नवी, दोन्ही अनचेंज्ड. डिलीट केलेली ओळ आता कुठेच नसेल.